आरव्हीच्या शॉवरला कधी गार, कधी कढत पाणी: दोष कुठे शोधायचा

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि बाथरूम असलेली घरासारखी गाडी, घेऊन फिरणाऱ्या मंडळींची शॉवरबद्दलची तक्रार बहुतेक वेळा निदानासकटच येते: "हीटर गेलाय." प्रत्यक्षात हीटर बऱ्याचदा ठणठणीत असतो. तो पाणी नीट तापवतो, पण तिथून शॉवरच्या तोंडापर्यंत येताना कुठेतरी त्यात गार पाण्याची भेसळ होते. घरी येणारं दूध पाणचट असेल तर म्हैस बदलून काही होत नाही, गोठ्यापासून दारापर्यंतची वाट तपासावी लागते. आरव्हीतही आधी वाट तपासायची, हीटरला हात नंतर लावायचा. हा क्रम उलटा केला की नवाकोरा हीटर बसवूनही पुढच्या सहलीला तेच रडगाणं सुरू होतं.

सुरुवात थर्मामीटरने करा. पाकासाठी किंवा चिकन भाजताना वापरतात तो साधा स्वयंपाकघरातला थर्मामीटर चालेल. हाताने अंदाज घेऊ नका. थंडीत कुडकुडणाऱ्या हाताला कोमटही गरम लागतं. हीटर सुरू करून अर्धा तास थांबा. मग स्वयंपाकघराच्या सिंकचा फक्त गरम नळ सोडा, मिनिटभर पाणी जाऊ द्या आणि मगात धरून तापमान बघा. तेच बेसिनला आणि तेच शॉवरला, गार नळ पूर्ण बंद ठेवून. तिथले सगळे खटके आणि पुस्तिका फॅरनहाइटमध्येच असल्यामुळे मीही पुढे तेच अंश लिहिते. टाकीवाला हीटर मॉडेलप्रमाणे साधारण १३० ते १४० अंशांवर बंद होतो. अंगावर घ्यायला बरं वाटणारं पाणी १०५च्या आसपास असतं.

सिंकला १३० आणि शॉवरला ९५ आलं, तर हीटर निर्दोष सुटला. भानगड शॉवरच्या नळात आहे. तिन्ही ठिकाणी कोमट आलं, तर हीटरच्या मागचे पाईप चाचपा. टाकीवाल्या हीटरला खालून गार पाणी आत जातं आणि वरून गरम बाहेर पडतं. वरच्या पाईपला बोट टेकवत नाही आणि तरीही नळाला कोमट येतंय, म्हणजे पाणी तापून निघालंय आणि पुढे भेसळ झाली आहे. वरचा पाईपच कोमट असेल तरच हीटरकडे वळायचं.

सगळीकडे कोमट येत असेल तर

पहिला संशयित गाडीच्या बाहेर असतो. आरव्हीच्या कुशीला एक छोटं प्लास्टिकचं दार असतं. उघडलं की आत पाण्याच्या दोन चाव्या दिसतात, एक लाल आणि एक निळी, आणि वेटोळं करून कोंबलेला एक हँडशॉवर. त्याच्या मुठीवर पाणी थांबवायचं बटण असतं. तळ्यावरून आलेली मुलं इथे पाय धुतात, बटण दाबतात, धार थांबते, दार लावून पळतात. दोन्ही चाव्या मात्र उघड्याच राहतात. आता त्या छोट्या नळाच्या पोटात गरम आणि गार लाईन एकमेकींना मिळालेल्या आहेत आणि बाहेर पडायची वाट बटणाने बंद आहे. तुम्ही आत गरम नळ सोडला की गार पाणी या वाटेने गरम लाईनमध्ये शिरतं. कुठे गळती नाही, थेंबसुद्धा ठिबकत नाही, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. उपाय म्हणजे दोन्ही चाव्या घट्ट बंद करणं. खर्च शून्य.

आपल्या लोकांच्या गाड्यांत याचा एक चुलतभाऊ हमखास सापडतो: टॉयलेटशेजारी बसवून घेतलेला जेट स्प्रे. तो फक्त गार लाईनवर असेल तर काही बिघडत नाही. पण थंडीत कोमट पाणी मिळावं म्हणून गरम-गार दोन्ही जोडून घेतला असेल आणि खटका फक्त पुढच्या पिस्तुलाला असेल, तर अगदी बाहेरच्या शॉवरसारखीच भेसळ होते. वापर झाल्यावर मागच्या चाव्या बंद करायची सवय लावा, नाहीतर दोन्ही लाईनींवर एक-एक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवून घ्या.

दुसरा संशयित बायपास. थंड प्रदेशात हिवाळ्याआधी आरव्हीच्या पाईपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, पाणी गोठून पाईप फुटू नयेत म्हणून. ते सहा किंवा दहा गॅलनच्या (एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास) हीटरमध्ये भरणं म्हणजे उधळपट्टी, म्हणून हीटरला वळसा घालणारा एक आडवा पाईप दिलेला असतो. वसंतात गाडी पुन्हा सुरू करताना हा वळसा बंद करायचा राहून गेला, किंवा चावी अर्धवट फिरली, की गार पाणी हीटरला बगल देऊन थेट गरम लाईनला मिळतं. एप्रिल-मेमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीत हे हटकून तपासा. हीटरच्या मागे, बहुतेक पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळाशी स्क्रूने बसवलेली फळी काढली की चाव्या दिसतात. दांडी पाईपच्या दिशेत असेल तर चावी उघडी, आडवी असेल तर बंद. रोजच्या वापरात हीटरकडे जाणारी उघडी, हीटरकडून येणारी उघडी आणि दोघींना जोडणाऱ्या आडव्या पाईपवरची बंद हवी. कुठे तीन चाव्या असतात, कुठे दोन, कुठे एकच. एकच असेल तिथे गरम पाण्याच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह असतो आणि त्यात क्षाराचा खडा अडकला की तो धड उघडत नाही, धड मिटत नाही. गार नळाला धो-धो आणि गरम नळाला करंगळीएवढी धार, ही त्याची खूण.

तीन चाव्यांच्या गाडीत भेसळ सिद्ध करायची एक पक्की युक्ती आहे. गॅस आणि वीज दोन्हीकडून हीटर बंद करा. हीटरकडे जाणारी गार चावी बंद करा, बायपासही बंदच ठेवा. पंप किंवा कॅम्पग्राउंडचं पाणी मात्र सुरू राहू दे. आता एक गरम नळ सोडा. साठलेला दाब संपला की धार थांबायला हवी. थांबली नाही आणि वाहतच राहिली, तर ते पाणी हीटरमधून येतच नाहीये. गार लाईनमधून उडी मारून येतंय. मग एकेक नळ तपासत जा. बाहेरच्या चाव्या बंद असूनही वाहत असेल तर बहुधा शॉवरच्या किंवा सिंकच्या नळाचं कार्ट्रिज, म्हणजे आतला पाणी अडवणारा-सोडणारा सुटा भाग, झिजलेलं असतं. काम आटोपल्यावर चाव्या जागेवर आणा, गरम नळातून सलग पाणी येतंय याची खात्री करा आणि मगच हीटर लावा.

थांबवून पुन्हा सुरू केल्यावर पहिला फटका

आरव्हीच्या शॉवरच्या मुठीवर पाणी वाचवायचं बटण असतं. ओलं व्हायचं, बटण दाबायचं, साबण लावायचा, पुन्हा सुरू करायचं. कल्पना चांगली, पण बटण दाबलं की इथेही गरम-गार लाईन नळाच्या पोटात एकमेकींना भिडतात. ज्या बाजूचा दाब जास्त, ती दुसरीत घुसते. टाकीतलं पाणी तापून फुगलेलं असेल तर गरम बाजूचा दाब चढतो आणि पुन्हा सुरू करताच पहिली धार कढत येते. १४० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसांची, लहान मुलांची कातडी त्याहून नाजूक. म्हणून गाडीत आई-वडील किंवा लेकरं असतील तर त्यांना सांगून ठेवा: बटण सोडताना शॉवरचं तोंड भिंतीकडे, आणि आधी हात घालून बघायचं. याला दुरुस्ती अशी नाही. पाणी थांबवायचं तर दोन्ही नळ बंद करा, हाच खरा इलाज.

शॉवर चालू असताना कुणी टॉयलेटचं पेडल दाबलं तरी गार बाजूचा दाब पडतो आणि आतून "अरे, पोळलं!" ऐकू येतं. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत शॉवरच्या नळात दाब सांभाळणारी यंत्रणा असते, बऱ्याच आरव्हींतल्या दोन मुठींच्या साध्या नळात ती नसते.

बिनटाकीच्या हीटरचा लपंडाव

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत टाकी नसलेला, लागेल तसं पाणी तापवणारा हीटर येतो. "गरम पाणी संपणारच नाही" असं सांगून तो विकतात, आणि त्याच्याबद्दलच्याच तक्रारी सर्वात विचित्र असतात: अर्धा मिनिट गरम, मग बर्फासारखं, मग पुन्हा गरम. हीटर बिघडला तर असा ताल धरत नाही. हा ताल धारेच्या कमी-जास्तपणाचा आहे.

या हीटरचा बर्नर पेटायला ठराविक किमान धार लागते. मॉडेलनुसार मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण गॅलन, काहींना त्याहून थोडी जास्त. धार त्याखाली गेली की बर्नर विझतो. पाणी जास्त गरम लागलं म्हणून तुम्ही गार नळ वाढवता. शॉवरच्या तोंडातून बाहेर पडणारं एकूण पाणी तेवढंच, त्यामुळे गरम लाईनमधली धार तेवढी कमी होते. ती किमान रेषेखाली गेली की बर्नर बंद, आणि तुमच्या अंगावर गार पाणी. मग तुम्ही घाईने गार नळ कमी करता, धार वाढते, बर्नर पेटतो, पाणी पुन्हा कढत. हा खेळ अंघोळ संपेपर्यंत चालतो.

आकड्यांत बघू. हीटर १२५ अंशांवर ठेवलाय, शॉवर मिनिटाला एक गॅलन सोडतो आणि तुम्हाला १०५ हवंय. ॲरिझोनात जुलैमध्ये नळाचं गार पाणीच ९०च्या आसपास असू शकतं. मग गरम पाण्याचा वाटा ४३ टक्के, म्हणजे मिनिटाला अर्ध्या गॅलनपेक्षाही कमी. बर्नर टिकणारच नाही. म्हणून हा त्रास भर उन्हाळ्यात, वाळवंटात जास्त होतो आणि लोक चक्रावतात की बाहेर एवढं तापलेलं असताना शॉवरला गार कसं.

उपाय टाकीवाल्या हीटरच्या बरोबर उलटा. तिथे गरमात गार मिसळून घ्यायचं असतं. इथे शक्यतो मिसळायचंच नाही. हीटरचं तापमान ठरवायची सोय असेल तर ते ११० ते ११५वर आणा आणि शॉवरला फक्त गरम नळ पूर्ण सोडा. बहुतेकांचं गाऱ्हाणं इथेच मिटतं.

मिटलं नाही तर दुधाचा रिकामा गॅलनचा कॅन घ्या, शॉवरखाली धरा आणि घड्याळ लावा. ४० सेकंदांत भरला तर मिनिटाला दीड गॅलन, ६० सेकंदांत भरला तर एक. दीड मिनिटाहून जास्त लागलं तर धार काठावर आहे. आणखी एक झटपट चाचणी: शॉवर गार पडल्यावर कुणाला तरी सिंकचा गरम नळ थोडा सोडायला सांगा. तापमान लगेच स्थिरावलं, तर दोष नक्की धारेचा. मग शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून क्षार काढा, हीटरच्या गार तोंडाशी असलेली जाळी धुवा, आणि कॅम्पग्राउंडच्या नळाला लावलेला दाबनियंत्रक बघा. स्वस्तातले नळीसारखे पितळी नियंत्रक दाबाबरोबर धारही गिळतात. थोडे पैसे टाकून दाब ठरवता येणारा, दाब दाखवणारी तबकडी असलेला नियंत्रक घ्या आणि ४५ ते ५० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) ठेवा.

गाडीच्या टाकीतलं पाणी वापरत असाल तर पंपाकडेही कान द्या. फुरफुर, थांब, फुरफुर, थांब असा तो अडखळत चालत असेल तर दाब वर-खाली होतो आणि बर्नर त्याच्यामागे नाचतो. पंपानंतर एक छोटी दाबाची टाकी, म्हणजे ॲक्युम्युलेटर, बसवली की धार एकसारखी होते. टाकीवाल्या हीटरच्या गाडीतही अंघोळ यामुळे सुखाची होते.

थंडीत अडचण उलटी. ४२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप, इथे ते तासाचं धरायचं) हीटर मिनिटाला दीड गॅलन पाणी जेमतेम ४५ अंशांनी वाढवू शकतो. येणारं पाणी ५० अंशांचं असेल तर निघेल ९५, म्हणजे कोमट. धार मिनिटाला एक गॅलनवर आणली तर वाढ ६५च्या पुढे जाते आणि अंघोळ होते. त्यामुळे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिजसारख्या, समुद्रसपाटीपासून पावणेआठ हजार फुटांच्या आसपास असलेल्या जागी जूनमध्येही नळ पूर्ण सोडू नका. उंचीवर हवा विरळ, बर्नरचा जोरही थोडा उतरतो.

सुरुवातीला गरम, पाच मिनिटांत गार

टाकीवाल्या हीटरची ही बहुतेक वेळा तक्रार नसतेच. टाकीच तेवढी आहे. सहा गॅलन म्हणजे साधारण २३ लिटर. ते १४० अंशांचं, गार पाणी ६०चं आणि मिसळून १०५चं घेतलं तर कागदावर दहा-अकरा गॅलन मिळतात. प्रत्यक्षात वापरताना टाकीत गार पाणी शिरत असतं, त्यामुळे त्याहून कमीच. एक माणूस आटोपशीर न्हाऊन निघेल, बस. पुन्हा तापायला नुसत्या विजेवर पाऊण तासाच्या आसपास लागतो, कारण आतली कॉइल साधारण १,४४० वॅटची असते. गॅसवर त्याच्या निम्मा वेळ. वीज आणि गॅस दोन्ही लावले तर पंधरा-वीस मिनिटं. दोन्ही एकदम लावता येतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असले की सगळ्यांच्या अंघोळी सकाळच्या चहाआधीच व्हायच्या असतात आणि तिथे ही टाकी हात टेकते. यावर मला सापडलेला सर्वात चांगला तोडगा अमेरिकन पुस्तिकांत दिसत नाही: दहा-बारा लिटरची बादली आणि तांब्या. बादलीत हव्या त्या तापमानाचं पाणी एकदाच काढून घेतलं की पाणी थांबवायच्या बटणाचा फटका नाही, धारेचा लपंडाव नाही, आणि सांडपाण्याची टाकीही सावकाश भरते. बिनटाकीच्या हीटरला तर बादली फारच मानवते, कारण नळ पूर्ण सोडून सलग भरता येते.

हीटर खरंच तापत नसेल तर

गॅसवर चालत नसेल तर आधी शेगडी पेटवा. निळी, ताठ ज्योत आली तर गॅस येतोय, आणि नळीतली अडकलेली हवाही निघून जाते. ज्योत मलूल असेल तर सिलिंडरची चावी पूर्ण बंद करा, काही मिनिटं थांबा आणि अगदी सावकाश उघडा. झटक्यात उघडली की आतला सुरक्षा व्हॉल्व्ह गळती झाली असं समजून गॅस आवळून धरतो. शेगडी ठीक आणि हीटर दोन-तीनदा टकटक करून लाल दिवा लावत असेल, तर बाहेरचं जाळीचं दार उघडून बर्नरची नळी बघा. प्रोपेनला दिलेल्या वासाकडे कोळी आणि कुंभारमाश्या ओढल्या जातात. हिवाळाभर उभ्या असलेल्या गाडीत नळीच्या तोंडाशी जाळं किंवा चिखलाचा टणक गोळा सापडतो. हीटर थंड असताना, गॅस बंद करून बारीक ब्रशने साफ करा आणि बाहेरून बारीक जाळी बसवा. लायटरची ठिणगी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे बॅटरी उतरली असेल तरी हेच लक्षण दिसतं.

विजेवर तापत नसेल तर आतला खटका, ब्रेकर आणि काही मॉडेलांत बाहेर दाराआड लपलेला दुसरा खटका, असे तिन्ही बघा. टाकी रिकामी असताना वीज लावली तर कॉइल काही क्षणांत जळते. भाड्याच्या गाडीत आधीच्या पाहुण्यांनी ती जाळलेली असणं अजिबात दुर्मीळ नाही. कॉइल बदलणं कठीण नाही, पण १२० व्होल्टचं काम आहे. सवय नसेल तर माहितगाराला बोलवा.

ॲरिझोना, नेवाडा, युटासारख्या, क्षारांचं जड पाणी असलेल्या भागांत फिरणाऱ्यांनी वर्षातून एकदा टाकी थंड करून, दाब सोडून, तळाचा गाळ धुवावा. सबर्बन कंपनीच्या टाकीत ॲनोडची सळई असते, टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. ती फार झिजलेली दिसली तर बदलावी. ॲटवूड कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीला ती लागत नाही.

भाड्याने गाडी घेताना किल्ल्या हातात घेण्याआधी देणाऱ्यासमोरच शॉवरला गरम पाणी सोडायला लावा, बायपासच्या चाव्या कुठे आहेत ते दाखवायला सांगा आणि बाहेरच्या शॉवरचं दार स्वतः उघडून बघा. वाटेत फिरत्या दुरुस्तीवाल्याला बोलवायची वेळ आलीच तर फोनवर "पाणी गरम येत नाही" एवढंच सांगू नका. सिंकचं तापमान, शॉवरचं तापमान, येणाऱ्या गार पाण्याचं तापमान आणि दुधाचा कॅन भरायला लागलेले सेकंद सांगा. तो नुसता येण्याचेच पैसे वेगळे लावतो, आणि हे आकडे ऐकून कुठला सुटा भाग बरोबर आणायचा ते त्याला निघण्याआधीच कळतं.